जोडीला एक तीळ

माझ्या अंगावर नऊ गोंदणं आहेत आणि नवांच्या नऊ गोष्टी मला तोंडपाठ आहेत. पंचवीस वर्षं एसटी चालवली. डेपोत जेवणाचे डबे उघडले की ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी म्हणायची, "वैजूताई, बाही वर करा." मग मी बाही वर करायचे आणि दोन घास कमी जेवायचे.

मनगटावरचा विंचू हेवी लायसन मिळालं त्या आठवड्यातला. उजव्या दंडावर 'संपत', म्हणजे आमचे मिस्टर. खरं तर दोघांनी एकमेकांची नावं गोंदवायचं ठरलं होतं, पण सुई बघून ते भेळ आणायला जे गेले ते गोंदणारीनं पेटी आवरल्यावरच परत आले. पोटरीवरची तुळस आई गेली त्या वर्षीची. खांद्यावरचं स्टिअरिंग निवृत्त झाल्यावर सांगलीतल्या एका गारेगार पार्लरमध्ये काढून घेतलं, त्याला तिथल्या पोरीनं अडीच तास घेतले.

सगळ्यांत जुनं डाव्या हातावर, कोपराच्या खाली: 'कांचन'. आता ते हिरवट पडलंय, अक्षरं जरा फुगलीत. कांचन आणि मी एका बाकावरच्या. दहावीची परीक्षा संपली आणि माळेवाडीच्या जत्रेत दोघींनी एकमेकींचं नाव हातावर घालून घेतलं. मी आधी बसले आणि डोळ्याची पापणीही लवू दिली नाही. कांचननं मात्र असा हंबरडा फोडला की बांगडीवाल्या बायका दुकान सोडून धावत आल्या. तो हंबरडा मी करून दाखवायचे आणि लोक पोट धरून हसायचे.

ही गोष्ट खोटी होती. हे जगात दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक बारा वर्षं माझ्याशी बोलत नव्हती.

मार्चमधल्या एका सकाळी मी गच्चीवर सांडगे घालत होते. जिन्यातून एक पस्तीस-सदतीसची बाई वर आली. नाक कांचनचं, चालणं कांचनचं, हनुवटीवरचा हिरवा तीळ तेवढा नव्हता.

"मावशी, ओळखलंत का?"

कांचनची मुलगी ऋजुता. लहानपणी माझ्या मांडीवर बसून मला अगं-तुगं करणारी पोर 'ओळखलंत' म्हणाली. मी पिठाचे हात तसेच धरून उभी राहिले.

कांचनच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. नवऱ्यानं एक दिली होती, ती पाच वर्षांत शरीरानं नाकारली. त्यानंतर तिचं शरीर इतकं सावध झालं की कुणाचीच चालेना. ऋजुताला देता येत नव्हती, कारण तोच आजार तिच्यातही निघाला होता. प्रयोगशाळेत वाढवलेली किडनी 'पुढच्या वर्षी' येणार होती, गेली वीस वर्षं ती पुढच्याच वर्षी येत होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चाललं होतं आणि आता हृदयही थकलं होतं.

"डॉक्टर म्हणाले, दिवाळी बघितली तर बघितली," ऋजुता म्हणाली. "मावशी, मी सुईसोबती नोंदणीत तुमचं नाव घातलंय. आईला न विचारता."

सुईसोबती म्हणजे काय हे त्या वर्षी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी मिरजेच्या डॉ. तन्वीर मुजावरांनी मला समजावलं तसं सांगते.

सुई कातडीत शिरली की शरीराला वाटतं, हल्ला झाला. मग भक्षक पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी, धावत येऊन शाईचे कण गिळतात. शाई त्यांना पचत नाही आणि टाकताही येत नाही, म्हणून ती पोटात घेऊन ते तिथंच बसून राहतात. एक पहारेकरी मेला की त्याची शाई दुसरा गिळतो. आमच्या डेपोत बेवारस पिशवी कंट्रोलरच्या खोलीत पडून असायची आणि ड्युटी बदलली की नवा कंट्रोलर ती जुन्याकडून ताब्यात घ्यायचा, तसंच हे. गोंदण जन्मभर टिकतं ते यामुळे, आणि एवढं शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं.

मुजावरांना सापडलं ते पुढचं. आमच्या वेळी जत्रेतल्या गोंदणारीकडे सुई एकच असायची. एकाचं झालं की ती डब्यातल्या पाण्यात बुचकळायची, फडक्याला पुसायची, की दुसऱ्याच्या हाताला. आधीच्या माणसाच्या रक्ताचा अंश पुढच्याच्या कातडीत जायचा. त्या वाटेनं कावीळ गेली, तिच्याहून वाईट रोगही गेले, आणि मुजावर हे प्रत्येकाला दोनदा बजावत. पण क्वचित त्या रक्तातल्या एखाद-दोन मूळपेशी शाईच्या आडोशाला तगून राहिल्या. पहारेकरी त्यांना वर्षानुवर्षं शाईसोबत बघत राहिले आणि हे आपल्यातलंच आहे असं शिकून बसले. असं झालं की आधी बसलेल्याचा अवयव नंतर बसलेल्याला चालतो. शरीर त्याला परकं म्हणत नाही, जन्मभराच्या गोळ्याही लागत नाहीत. मात्र पाचांतल्या एखाद्याच गोंदणात पेशी टिकतात. आणि हा रस्ता एकेरी आहे. आधी बसलेला देऊ शकतो, नंतर बसलेला घेऊ शकतो, उलटं होत नाही.

ही बातमी आली आणि गंमतच झाली. सासूच्या कपाळावरच्या गोंदणाला नाक मुरडणाऱ्या सुना सासूला हाताला धरून तपासणीला नेऊ लागल्या. जत्रेत आपल्या आधी कोण बसलं होतं हे आठवायला म्हाताऱ्या माणसांच्या बैठका भरू लागल्या. लेसरनं गोंदण काढून देणाऱ्यांची दुकानं ओस पडली. नोंदणीच्या फॉर्मवर सगळ्यांत वरचा प्रश्न असायचा: पहिलं कोण बसलं?

ऋजुतानं तिथं माझं नाव लिहिलं होतं. कुठून कळलं असणार ते मी विचारलं नाही. तिच्याच लग्नात मी ते सांगितलं होतं.

पंगती बसायच्या आधी कुणीतरी माझ्या हातात माइक दिला आणि माइक हातात आला की मी सुटते. हंबरडा साग्रसंगीत करून दाखवला. चारशे माणसं हसली, कांचनच्या सासरची तर एकमेकांना टाळ्या देऊन. कांचनही हसली. पंधरा दिवसांनी ती माझ्या दारात उभी राहिली, हाताला बँडेज. "लेसरनं काढलं," म्हणाली. "लोकांत काय सांगायचं ते सांग, पण तुझं नाव माझ्या हातावर नको." आणि गेली. चूक माझी आहे हे मला तिथल्या तिथं कळलं होतं. मागोमाग पायऱ्या उतरून तेवढं म्हणायचं होतं. घाटात चाळीस माणसं घेऊन गाडी चालवणारी मी, मला त्या सात पायऱ्या उतरता आल्या नाहीत.

"अगं म्हण मला," मी ऋजुताला म्हटलं. "आणि सांग, कधी यायचं?"

घरी संपतरावांना सांगितलं. ते म्हणाले, "तू ठरवलंयस म्हणजे मी भेळ आणायला जातो." मग माझी पिशवी त्यांनीच भरली.

मिरजेत मुजावरांनी माझी नऊच्या नऊ गोंदणं वाचली. गोंदणवाचक म्हणजे वायरमनच्या टेस्टरएवढी नळी. गोंदणावर टेकवली की मुंगी चावल्यासारखं होतं, ती थेंबभर घेते आणि पंचवीस मिनिटांत आत कोण कोण आहे ते पडद्यावर येतं. एकेकाचा निकाल बघून मला हसावं का रडावं कळेना. विंचवात एक अनोळखी माणूस निघाला. 'संपत'मध्ये एक बाई निघाली, म्हणजे नवऱ्याच्या नावात दुसरीच कोणी तीस वर्षं राहत होती. तुळशीत एका गोंदणात दोघं होते. आणखी चार रिकामीच निघाली, आणि पार्लरमधलं स्टिअरिंगही, ते तर स्वच्छ सुईचं. ज्या गोष्टी मी माझ्या म्हणून सांगत आले त्यांच्यात रांगेतलं आधीचं माणूस गुपचूप बसलं होतं.

'कांचन'मध्ये मात्र कुणीच नव्हतं.

"हे छान झालं," मुजावर म्हणाले. ते चाळिशीतले, बोलताना चष्मा कपाळावर ढकलायची सवय. "इथं कांचनताईंच्या पेशी नाहीत. म्हणजे तुम्हीच आधी बसलात, फॉर्ममध्ये लिहिलंय तसं."

पेशी पाचांतल्या चार गोंदणांत टिकत नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पण डॉक्टरही माणूस, त्यांनाही आशा होती. इतक्या वर्षांनी माझ्या खोट्याला शास्त्राची साक्ष मिळाली आणि मी बाही खाली ओढली.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. कांचनच्या हातावरचं नाव लेसरनं गेलं होतं, तिथं वाचायला काही उरलं नव्हतं. पण लेसरनं फोडलेली शाई पहारेकरी काखेतल्या गाठीत नेऊन टाकतात. ती गाठ कापून काढली तर माझ्या पेशी तिथं सापडण्याची शक्यता होती. "त्यासाठी भूल द्यावी लागेल. त्यांचं हृदय असं आहे की दहांतली तीन माणसं त्या टेबलावरून उठत नाहीत. तुम्ही आधी बसला नसता तर मी हा विषयही काढला नसता. पण आता धोका घ्यावा असं मला वाटतं. चला, त्यांच्याशी बोलू."

डायलिसिसच्या खोलीत दुपारचं ऊन आलं होतं. कांचन खाटेवर टेकून बसली होती, एका हातात नळ्या. निम्मी झाली होती. मला बघून तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. ऋजुता तिच्या पायाशी उभी राहिली.

मुजावरांनी सगळं समजावलं, गाठीचं, भुलेचं, दहांतल्या तिघांचं. मग फॉर्म हातात घेतला. "वैजयंताबाई पहिल्या बसल्या आणि मग तुम्ही. बरोबर ना, कांचनताई?"

कांचननं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"तिलाच इचारा," ती म्हणाली. "गोष्टी सांगायचं काम तिचं हाय."

आणि गप्प बसली. मला तिचा हट्ट शाळेपासून ठाऊक. काख कापून घेईल पण माझ्या वतीनं खरं बोलणार नाही. आपल्या खोट्यापायी ही बाई मला टेबलावर जाऊ देते का, एवढंच तिला बघायचं होतं.

गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं, यंत्रही माझ्या बाजूनं होतं. आणि खरं सांगितलं तर तिची शेवटची आशा मीच माझ्या हातानं खुडणार होते. ऋजुताच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. पण ब्रेक लावायचा असतो तेव्हा लावायचाच असतो, मागं कोण बसलंय ते बघायचं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "आधी कांचन बसली. मी नंतर."

ऋजुताला काही उमगेना. "पण लग्नात तू..."

"लग्नात सांगितलं ते खोटं होतं. रडले ती मी. हंबरडा माझा होता."

मुजावरांनी पेन खिशाला लावलं. "मग गाठ काढण्यात अर्थ नाही," ते हळूच म्हणाले. "नंतर बसलेलं माणूस आधीच्याला देऊ शकत नाही."

ऋजुता खाटेचा दांडा धरून रडायला लागली. "मग खोटं बोललीसच कशाला गं मावशी? मी दोन महिने याच आशेवर..."

"रडू नकोस," कांचन म्हणाली. तिच्या आवाजात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. "एवढं ऐकायला मी बारा वर्षं थांबलेय. वैजे, सगळं सांग. अर्धं नको."

मग मी सांगितलं. मी तंबूचा खांब धरून बसले होते आणि सोडायला तयार नव्हते. कांचन म्हणाली, मी बसते, तू फक्त बघ. ती बसली, 'वैजू' लिहून झालं, तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मग तिनं मला ओढून बसवलं, माझं डोकं पोटाशी धरलं आणि मी जत्रा गोळा केली. शेवटचं अक्षर झालं तशी मी चपला तिथंच टाकून पळाले.

"चुकलं माझं, कांचन. तू धीर दिलास म्हणून मी बसले, आणि तुझा धीर मी माझ्या नावावर सांगत फिरले. तुला चारचौघांत हसं केलं. त्याच दिवशी तुझ्यामागं यायला पाहिजे होतं."

तिनं माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"पळालीस ती थेट उसाच्या रसाच्या गाड्यावर. तुझ्या चपला घेऊन मी मागनं आले."

"केवढा उशीर केलास यायला! माझा दुसरा ग्लास संपला होता."

"मग? तीळ घेत होते की." तिनं हनुवटीला बोट लावलं. "ती गोंदणारी म्हणाली, जोडीला एक तीळ फुकट असतोय. तुझी जोडीदारीण तर पळाली, तू तरी घे. म्हणून बसले परत."

घाटात वळण दिसायच्या आधी मला कळतं. तेव्हाही मुजावरांच्या आधी मला कळलं. तिळाला गोंदण म्हणून तोवर कुणी धरलंच नव्हतं, मीसुद्धा.

"परत बसलीस म्हणजे माझ्यानंतर. त्याच सुईनं?"

"मग काय, सोन्याची आणली व्हती तिनं? फडक्याला पुसली आन् टोचली."

मुजावर इतक्या झटक्यात उठले की त्यांची खुर्ची मागं पडली. नळी आणायला ते स्वतः पळाले, नर्सला सांगायचंही त्यांना सुचलं नाही.

नळी हनुवटीवरून उचलल्यावर ती पंचवीस मिनिटं जाता जाईनात. ऋजुतानं चहा आणला. कांचनला पाणी मोजून, म्हणून तिला तीन घोट. पाचांतल्या एकातच पेशी टिकतात, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेवटी मला राहवेना.

"हातावरचं नाव पुसलंस तेव्हा तीळ का ठेवलास गं?"

"तो तुझा नव्हता," ती म्हणाली. "मी एकटी दोनदा बसले, त्याचा होता."

मुजावर पडद्यावर वाकले होते. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, परत डोळ्यांवर घेतला. "तिळात दोन माणसं आहेत," ते म्हणाले. "एक कांचनताई." दुसरीचं नाव न सांगता त्यांनी नुसतं माझ्याकडे बोट केलं.

ऋजुता माझ्या गळ्यातच पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि रडले, त्या जत्रेतल्यासारखी, आवाज काढून.

"मला कुणी इचारलंय का, तिची घ्यायची का नाही ते?" खाटेवरून आवाज आला. ऋजुता बाजूला झाली. "किडनी देतीस म्हणून माफी मागितलीस व्हय?"

"उलटं बोलू नकोस," मी डोळे पुसत म्हटलं. "माफी आधी मागितली, तीळ नंतर निघाला. या वेळी तरी क्रम नीट लक्षात ठेव."

कांचन हसली. नळ्यांचा हात धरून, खोकला येईपर्यंत हसली. तोच तिचा होकार.

पुढचं सगळं रीतसर झालं. दोघींचं रक्त दोन आठवडे एकत्र ठेवून बघितलं, तिच्या पहारेकऱ्यांनी माझ्या पेशींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हृदयाला सावरून भूल देता यावी म्हणून मुजावरांनी तिला महिनाभर तयार केलं. आता तो धोका कशासाठी घ्यायचा ते पक्कं माहीत होतं. मे महिन्यात एका सकाळी आम्हाला शेजारशेजारच्या टेबलांवर घेतलं. नवी किडनी तिच्यात गेली आणि पहिल्याच दुपारी कामाला लागली. जड गोळ्या द्याव्या लागल्या नाहीत, म्हणून जंतूंपासून जपायच्या काचेच्या खोलीतही ठेवलं नाही. पाचव्या दिवशी आम्ही दोघी एकाच खोलीत होतो, मधे एक स्टूल आणि त्यावर संपतरावांनी आणलेली शहाळी.

ड्रेसिंगला आलेल्या दोन नर्सनी माझा हात पाहिला.

"मावशी, ही कांचन कोण?"

"ती काय, पलीकडं झोपलीय."

"अय्या! मग गोष्ट सांगा ना."

सवयीनं मी बाही वर केली. पलीकडच्या खाटेवर डोळे मिटलेले होते, हनुवटीवरचा तीळ आता चांगला उठून दिसत होता. मी नर्सना जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सुरुवात केली. मी सोळा वर्षांची होते, म्हटलं, आणि इतकी भित्री की तंबूचा खांब धरून बसले होते.

"ऐकू येईना," डोळे न उघडता कांचन म्हणाली. "मोठ्यानं सांग. लग्नात माइक व्हता तुझ्या हातात."

टाके दुखत होते, तरी मी आवाज चढवला.